घरातले माणूस गेल्यानंतर आशा कशी टिकवावी?

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात पंचावन्नच्या आसपास वयाच्या एक बाई आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड होते आणि रात्री झोप लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. रक्तदाब १७०/१०० होता. ईसीजी नॉर्मल आला. बीपीची गोळी चालू आहे का, असे विचारल्यावर म्हणाल्या, "महिना झाला, घेतच नाही. कशासाठी घ्यायची?"

दीड महिन्यापूर्वी त्यांचे पती वारले होते. पतीला मधुमेह होता आणि नऊ वर्षे रोज सकाळी सात वाजता त्या त्यांना इन्सुलिनचे इंजेक्शन देत होत्या. "अजूनही सातला जाग येते. मग काय करायचं तेच कळत नाही," असे त्या म्हणाल्या.

मी सवयीने बोलून गेलो, "काळजी करू नका, हळूहळू सगळं ठीक होईल." त्यांनी शांतपणे विचारले, "काय ठीक व्हायचंय आता, डॉक्टर?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. गेलेले माणूस परत येणार नव्हते आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. अशा वेळी आशा ठेवा म्हणजे नेमके काय करा, हे आम्ही डॉक्टर क्वचितच सांगतो. या लेखात तेच सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

आशा म्हणजे काय?

सगळे पुन्हा पूर्वीसारखे होईल असे मानणे म्हणजे आशा, असा आपला समज असतो. मृत्यूनंतर अशी आशा ठेवणे शक्यच नसते. म्हणून दुःखात असलेल्या माणसाला हा शब्द पोकळ वाटतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९० च्या दशकात आशेची वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते आशेचे तीन भाग असतात.

- ध्येय: जे करायचे आहे असे काहीतरी. ते मोठेच असले पाहिजे असे नाही.
- मार्ग: ते कसे करता येईल याची कल्पना. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधणे.
- बळ: हे मला जमेल, असे वाटणे.

या मांडणीत आशा मनात आपोआप येण्याची वाट पाहावी लागत नाही. छोटे ध्येय घेता येते, मार्ग दुसऱ्याला विचारता येतो आणि छोटी गोष्ट जमली की थोडे बळ येते. मोठ्या दुःखानंतर आशा बहुधा याच क्रमाने परत येते. आधी एखादे काम सुरू होते आणि बरे वाटणे नंतर येते.

दुःख होणे हा आजार नाही

जवळचे माणूस गेल्यावर रडू येणे, भूक मंदावणे, झोप तुटणे, कामात लक्ष न लागणे, स्वतःला दोष देणे, कधी गेलेल्या माणसाचा आवाज आल्यासारखे वाटणे, हे सर्व नेहमी आढळते. एवढ्यावरून वेड लागले आहे असे समजू नये. काहींना रडू अजिबात येत नाही. त्यांचे दुःख कमी असते असेही नाही.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असे अनेकांनी वाचलेले असते. डॉ. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या प्रत्येकाने त्या पायऱ्या त्याच क्रमाने चढाव्यात, असा नियम नाही.

प्रत्यक्षात दिसते ते वेगळेच. नेदरलँड्समधील संशोधक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये सांगितले की दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी तो आठवणीत बुडतो, तर कधी बँकेचे काम, स्वयंपाक, मुलांची शाळा यांत गुंततो. दोन्ही आवश्यक आहेत. त्यामुळे सकाळी रडलो आणि दुपारी एखाद्या विनोदावर हसलो, तर अपराधी वाटून घेऊ नये. हसल्याने गेलेल्या माणसावरचे प्रेम कमी होत नाही.

सर्वांत अवघड काळ कोणता?

आपल्याकडे पहिले काही दिवस माणसे घर सोडत नाहीत. शेजारून जेवण येते, पाहुणे मुक्कामाला असतात, विधी चालू असतात. कुठे तेरावा असतो, कुठे चाळिसावा. रीत कोणतीही असो, दुःखी माणूस एकटा पडू नये याची सोय त्यात असते.

त्यानंतर मात्र एकाच दिवसात घर रिकामे होते. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण पहिल्या आठवड्यात येत नाहीत. ते तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत येतात. या काळात सोबतीची गरज जास्त असते आणि सोबत कमी झालेली असते. पहिला सण, वाढदिवस, वर्षश्राद्ध या दिवसांतही दुःख पुन्हा उसळते. त्या दिवशी एकटे राहायचे नाही, हे आधीच ठरवून ठेवावे.

शरीरावर काय परिणाम होतो?

तीव्र दुःखात शरीरात ॲड्रेनालिन, कॉर्टिसोल यांसारखी ताणाची संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब आणि साखर वाढू शकते. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत आणि आठवड्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसून आले आहे.

'ताकोत्सुबो' नावाचा एक विकारही याच काळात होऊ शकतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचे वर्णन केले. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडण्याचे मडके. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा टोकाकडे फुगून त्या मडक्यासारखा दिसतो आणि नीट आकुंचन पावत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखी असतात. म्हणून छातीत दुखणे, दम लागणे, घाम येणे किंवा चक्कर येणे याला 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून घरी थांबू नये. लगेच रुग्णालयात जावे.

आणखी एक धोका नेहमी दुर्लक्षित राहतो. दुःखात जेवण एका वेळेवर येते, पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीइतकेच चालू राहते. मग साखर एकदम उतरते, हातपाय थरथरतात, घाम सुटतो, माणूस बरळतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला लगेच साखरेचे पाणी किंवा काही गोड द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे. उलट काही जण सर्वच औषधे सोडून देतात. इन्सुलिन, फिटची औषधे, स्टेरॉइड आणि हृदयाच्या काही गोळ्या अचानक बंद करणे धोक्याचे असते. जेवण कमी झाले असेल किंवा औषधे सुटली असतील, तर पुढे काय करायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पहिल्या काही आठवड्यांत काय करावे?

१. दिवसाला दोन खिळे ठोका. उठण्याची वेळ आणि एका जेवणाची वेळ ठरवा. बाकीचा दिवस विस्कटला तरी चालेल, या दोन वेळा पाळा.

२. थोडे थोडे खा. पूर्ण ताट नको वाटत असेल तर पेज, खिचडी, दूध, केळे, वरण-भात असे काही तीन-चार तासांनी घ्या. पाणी पिण्याची आठवण कुणाला तरी करायला सांगा.

३. दिवसातून एकदा घराबाहेर पडा. सकाळच्या उजेडात पंधरा मिनिटे चालले तरी रात्रीच्या झोपेला मदत होते.

४. रोज एक काम ठरवा. ते इतके छोटे असावे की नक्की होईल. एक फोन करणे, एक कपाट पुसणे, झाडांना पाणी घालणे. झाले की त्यावर रेघ मारा.

५. एक माणूस ठरवा. ज्याला रात्री दोन वाजता फोन करता येईल असा एक जण पुरेसा आहे. त्याला तसे आधी सांगून ठेवा.

६. मोठे निर्णय पुढे ढकला. घर विकणे, गाव सोडणे, जमिनीची वाटणी असे निर्णय शक्य असल्यास काही महिने घेऊ नका.

७. गेलेल्या व्यक्तीची उरलेली औषधे घरात ठेवू नका. कपडे, चष्मा, फोटो यांची घाई नाही. औषधे मात्र लवकर काढावीत. ती दुसऱ्या कुणीही घेऊ नयेत.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईंना मी दुसऱ्या भेटीत एवढेच सांगितले की सकाळी सातला जाग येतेच आहे, तर त्या वेळेला आता तुमची स्वतःची बीपीची गोळी घ्या आणि पंधरा दिवसांनी मला दाखवायला या. त्यांच्या फ्रिजच्या दारात पतीचे इन्सुलिन अजून होते. ते मुलाकडे देऊन घराबाहेर काढायला सांगितले.

कागदपत्रांची चिंता

कर्ता माणूस गेला की दुःखाइतकीच पैशांची भीती असते. 'आता कसं होणार' हा प्रश्न झोप उडवतो. त्याला फक्त धीराचे शब्द पुरत नाहीत, मार्ग लागतो. एक वही घ्या आणि कामे क्रमाने लिहा.

- मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखल्याच्या पाच-सहा प्रती घेणे.
- बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन यांत वारस म्हणून कुणाचे नाव आहे ते पाहणे.
- शेती असल्यास तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज देणे.
- कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल आणि कमावती व्यक्ती १८ ते ५९ वयाची असताना गेली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपयांची एकरकमी मदत मिळू शकते. निराधार विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दोन्हींची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

ही कामे दुःखी माणसाने एकट्याने करू नयेत. वही त्यांच्याकडे असावी आणि फेऱ्या दुसऱ्याने माराव्यात. शक्य असेल तेव्हा त्यांना सोबत न्यावे. आपले काम आपण पुढे नेतो आहोत, हे त्यांना दिसणे औषधासारखे असते.

नातेवाईक आणि शेजाऱ्यांनी काय करावे?

'देवाची मर्जी', 'तुम्ही खंबीर राहा', 'अजून तरुण आहात', 'निदान त्रासातून सुटले' ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात. ऐकणाऱ्याला मात्र आपले दुःख लवकर आवरायला सांगितले जाते आहे असे वाटते. त्याऐवजी गेलेल्या माणसाचे नाव घ्या, त्यांची एखादी आठवण सांगा. काही सुचत नसेल तर 'काय बोलावं कळत नाही, पण मी आहे' एवढे पुरे.

'काही लागलं तर सांगा' असे म्हणून निघून जाऊ नका, कारण दुःखी माणूस सहसा सांगत नाही. 'गुरुवारी मी डबा आणतो', 'शनिवारी बँकेत तुमच्यासोबत येते' असे ठरवून सांगा आणि त्या दिवशी जा. विशेषतः पहिला महिना संपल्यावर जा.

पती गेलेल्या स्त्रीच्या वाट्याला आणखी एक नुकसान येते. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, शुभकार्यात मागे ठेवणे यांतून तिचे घरातले आणि गावातले स्थानही काढून घेतले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नंतर राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. डॉक्टर म्हणून मला हा आरोग्याचाही प्रश्न वाटतो. पुढच्या हळदीकुंकवाला आपल्याला बोलावणे येईल की नाही, यावरही एखाद्या बाईची उद्याबद्दलची आशा अवलंबून असते.

मुलांना काय सांगावे?

'बाबा गावाला गेलेत' किंवा 'आजी झोपलीय' असे लहान मुलांना सांगू नये. मूल वाट पाहत राहते किंवा झोपायला घाबरू लागते. 'बाबा वारले. त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. ते परत येणार नाहीत. यात तुझी काही चूक नाही. आम्ही तुझ्याजवळ आहोत,' असे सोप्या शब्दांत सांगावे. मुले थोडा वेळ रडून लगेच खेळायला जातात, ते स्वाभाविक आहे. शाळा, जेवण आणि झोपेच्या वेळा शक्य तितक्या पूर्वीसारख्या ठेवाव्यात.

झोपेच्या गोळ्या आणि दारू

झोपेची गोळी काही दिवसांसाठी डॉक्टर देऊ शकतात. पण दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेतल्यास सवय लागते आणि वयस्कर माणसे रात्री उठताना तोल जाऊन पडतात. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण मध्यरात्रीनंतर ती तुटते आणि उदासी वाढते. दुःखाच्या काळात सुरू झालेली दारू सुटणे फार कठीण जाते. घरातल्या पुरुषांकडे या बाबतीत विशेष लक्ष ठेवावे.

दुःख की नैराश्य?

दुःख लाटांसारखे येते. दोन लाटांमध्ये माणूस थोडे बोलतो, खातो, नातवंडाकडे पाहून हसतो. नैराश्याच्या आजारात बहुतेक दिवसभर उदासी असते, कशातच रस वाटत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते. असे दोन आठवडे किंवा अधिक राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांच्या कमतरतेनेही थकवा आणि उदासी येऊ शकते, म्हणून काही तपासण्या कराव्या लागतात.

काही जणांचे तीव्र दुःख महिने उलटले तरी तसेच राहते आणि रोजचे जगणे ठप्प होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत याची स्वतंत्र नोंद आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांचा कालावधी धरला आहे. समुपदेशन आणि उपचारांनी यात सुधारणा होते. मात्र त्रास असह्य असेल तर सहा महिने थांबायची गरज नाही.

तातडीने मदत कधी घ्यावी?

मनोविकारतज्ज्ञ आरोन बेक यांनी १९७४ मध्ये निराशा मोजण्यासाठी २० विधानांची प्रश्नावली तयार केली. निराशा आणि आत्महत्येचा धोका यांचे नाते जवळचे आहे, हे पुढच्या अभ्यासांतून दिसले. म्हणून 'आता काही उरलं नाही' हे वाक्य आम्ही तापाइतकेच गांभीर्याने घेतो. पुढील गोष्टी दिसल्यास थांबू नये.

- 'मलाही त्यांच्याकडे जायचंय', 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असे वारंवार बोलणे
- अचानक निरवानिरव करणे, वस्तू वाटून टाकणे
- खाणे-पिणे पूर्ण सोडणे
- बरेच दिवस अस्वस्थ असलेली व्यक्ती एकाएकी फार शांत होणे

अशा वेळी सरळ विचारा, 'जीव द्यावा असे विचार मनात येतात का?' असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्यांना एकटे सोडू नका. कीटकनाशके आणि औषधांचा साठा घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा मोफत आहे, २४ तास चालू असते आणि मराठीतही बोलता येते. जिवाला तत्काळ धोका असेल तर ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते.

आशा परत येते आहे हे कसे ओळखावे?

ती मोठ्या आनंदाच्या रूपात येत नाही. कुणी भाजी आणताना स्वतःच्या आवडीची आणतो, कुणी चष्म्याचा नंबर तपासून घेतो, कुणी पावसाआधी कौले फेरायचे बोलतो. बोलण्यात भविष्यकाळ येऊ लागतो.

त्या बाई पंधरा दिवसांनी आल्या, नंतर पुन्हा महिन्याने आल्या. रक्तदाब हळूहळू १४० च्या खाली आला. झोप अजून पूर्ण नव्हती. पतीचा विषय निघाला की डोळे भरत होते. पण त्या भेटीत केसपेपर पिशवीत ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "मग पुढची तारीख कोणती?"

त्याआधीच्या प्रत्येक वेळी तारीख मी सांगितली होती. या वेळी ती त्यांनी विचारली. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण पुढची तारीख विचारणाऱ्या माणसाबद्दल मी थोडा निश्चिंत होतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.)